थोरल्या भावाची तक्रार

ख्रिस्ती धर्मावरचा आमच्या सुशिक्षित वर्गाचा एक आक्षेप फार जुना आहे, आणि प्रत्येक पिढी तो नव्या हुरुपानें मांडते. कर्मसिद्धान्तांत पेरावें तसें उगवतें, म्हणून तेथें न्याय आहे. ख्रिस्ती मतांत जन्मभर पाप करून शेवटल्या घटकेला रडलें कीं सारें माफ, म्हणून तेथें न्यायाचें नांव नाहीं, नुसती खैरात आहे, असें त्याचें स्वरूप. (पेरणी-कापणीची हीच उपमा पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत योजिली आहे, हें आक्षेपकांच्या गांवींही नसतें.) मध्यंतरीं एका व्याख्यानांत हा आक्षेप पुन्हा ऐकला. टाळ्या पडल्या. पूर्वी मीही टाळ्या वाजविणारांत असें. मी ख्रिस्ती नाहीं, होण्याचा विचारही नाहीं; परंतु इंग्रजी वाङ्मय शिकवितां शिकवितां बायबल उघडावेंच लागतें, आणि तीस वर्षें तें उघडल्यावर एवढें म्हणणें मला प्राप्त आहे कीं, हा आक्षेप खोटा आहे, आणि त्याच्या मुळाशीं न्यायाची चाड नसून दुसरेंच कांहीं आहे.

आक्षेपकांचा आवडता पुरावा म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची कथा. धाकटा मुलगा बापाच्या हयातींतच आपला वांटा मागून घेतो, परदेशीं जाऊन तो उडवितो, डुकरें राखण्याची पाळी आल्यावर घरीं परततो. आणि बाप धांवत जाऊन त्याला मिठी मारतो, त्याच्यासाठीं पुष्ट वासरूं कापतो. येवढें सांगून वक्ते विचारतात, "हा काय न्याय?" वक्त्यांनीं कथा थोडी कायद्याच्या नजरेनें वाचली असती, तर हा प्रश्न विचारण्याची वेळ आली नसती. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें ज्येष्ठाला दुप्पट वांटा. भाऊ दोघेच, म्हणजे धाकट्याचा एक तृतीयांश. तो त्यानें संपविला. परत आल्यावर त्याला झगा मिळाला, आंगठी मिळाली, पायांत जोडा मिळाला. पण जमिनीची फेरवांटणी झाली, असें कथेंत एक अक्षरही नाहीं. उलट उरलेलें सर्व थोरल्याचेंच आहे, हें बाप त्याला स्वतः सांगतो. नातें परत मिळालें, इस्टेट परत मिळाली नाहीं. पेरलें तें उगवलेंच होतें, आणि तें त्यानें डुकरांच्या कळपांत बसून खाल्लेंही होतें.

मग थोरल्याचें गेलें काय? एक वासरूं. तें मात्र गेलें, आणि तें त्याच्याच वांट्याचें होतें, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. दया करणारा एक असतो आणि वासरूं दुसऱ्याच्या गोठ्यांतलें जातें, ही तक्रार पोकळ नाहीं. परंतु थोरला नुसत्या वासराबद्दल भांडत नाहीं. आपण इतकीं वर्षें राबलों, एकही आज्ञा मोडली नाहीं, याचा पाढा तो वाचतो. आणि धाकट्याचा उल्लेख करतांना "भाऊ" हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीं. तो बापाचा मुलगा आहे, याचा कोणी नाहीं.

येथें घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे, नाहीं तर हें लिहिण्याचा अधिकार मला कोठून आला, असें वाचक विचारतील. माझ्या धाकट्या भावानेंही वडिलांच्या हयातींत वांटणी मागितली, शेत विकलें, दुकान काढून बुडविलें. तो परतला तेव्हां वडिलांनीं त्याला माडीवरची खोली दिली. मीं त्याच्याशीं नऊ वर्षें शब्द बोललों नाहीं. मी न्यायाच्या बाजूचा आहें, असें मी समजत असें. वस्तुतः न्याय मला मिळालेलाच होता. माझ्या वांट्यांतला एक गुंठाही कमी झाला नव्हता. मला हवी होती ती त्याची फजिती, आणि ती वडिलांनीं होऊं दिली नाहीं, हा माझा राग होता. त्या नऊ वर्षांत मी वर्गांत ही कथा प्रतिवर्षीं शिकविली.

ज्यांना ही कथा सांगितली ते कोण होते, हेंही लक्षांत घ्यावें. येशू जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसतो, म्हणून कुरकुरणारे ते परूशी आणि शास्त्री होते. ती माणसें वाईट नव्हतीं. वेळेवर उठणारीं, उपासतापास करणारीं, कोणाचें देणें न ठेवणारीं. थोडक्यांत, या मासिकाच्या वाचकांसारखीं आणि लेखकासारखीं होतीं.

या गैरसमजाचें सारें खापर आक्षेपकांच्याच माथीं फोडणें मात्र बरोबर नव्हे. आरोपीचा दंड न्यायाधीश स्वतःच्या खिशांतून भरतो, हा दृष्टान्त धर्मोपदेशकांनीं इतका गिरविला आहे कीं, ख्रिस्ती दया म्हणजे कोर्टाची पावती, असा लोकांचा समज झाला. पाप हें देवाचें देणें आहे आणि त्याची फेड झालीच पाहिजे, ही मांडणी कॅन्टरबरीच्या अॅन्सेल्मनें १०९८ सालीं पुरी केलेल्या ग्रंथांतली. तिच्यांत खोल विचार आहे, पण बाजारी उपदेशांत तिची नुसती वसुली झाली. दंड दुसऱ्यानें भरतां येतो, फांशी दुसऱ्याला देतां येत नाहीं, हें शाळकरी मुलालाही कळतें. लूकच्या कथेंत तर कोर्ट नाहींच. या फुकट्या पावतीवर सर्वांत कडक टीका कोणा हिंदु पंडितानें नव्हे, तर डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाद्र्यानें केली. पश्चात्तापाशिवाय आणि अनुसरणाशिवाय वांटली जाणारी ती स्वस्त कृपा, असें त्यानें १९३७ च्या आपल्या पुस्तकांत बजावलें, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं हिटलरच्या राजवटीनें त्याला फासावर दिलें.

कर्मसिद्धान्ताचे वकील स्वतःच्या घरांत तरी डोकावतात काय? भागवताच्या सहाव्या स्कंधांतील अजामिळ मरणसमयीं मुलाला हांक मारण्यासाठीं "नारायण" म्हणतो आणि यमदूतांच्या हातून सुटतो. तेथें यमदूतांनीं केलेला युक्तिवाद वाचावा. आमच्या व्याख्यात्यांचाच तो आहे! परंतु पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाहीं. अजामिळ तेथूनच वैकुंठाला जात नाहीं. तो जिवंत राहतो, केल्या कर्मांची लाज वाटून घर सोडतो, गंगाद्वारीं जाऊन साधना करतो, आणि मग देह ठेवतो. सुटका आधीं, साधना नंतर. हाच क्रम लूकच्या कथेंतही आहे. मुलगा कबुलीचें भाषण पाठ करून येतो. पण बाप धांवतो तो तें ऐकण्यापूर्वीच. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक सांगत. तो पूल कर्माच्या हिशेबावर बांधलेला नव्हता. विठोबाच्या दारीं जमाखर्चाची वही काखेंत मारून गेलेला संत मला तरी माहीत नाहीं.

कोणी म्हणेल, हीं पोथ्यांतलीं उदाहरणें झालीं. तर अलीकडचें घ्या. जानेवारी १९९९ मध्यें ओरिसांतील मनोहरपूर येथें, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडींत झोपले असतां जमावानें त्यांना जाळलें. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनीं मारेकऱ्यांना क्षमा केल्याचें जाहीर केलें. त्याच वेळीं, कायद्यानें आपलें काम करावें, असेंही त्या म्हणत आल्या. खटला चालला, मुख्य आरोपीला २००३ सालीं फांशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानें २००५ सालीं ती उतरवून जन्मठेप दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं ती कायम केली. ग्लॅडिसबाई मुलीसह बारिपद्यांतच, त्या कुष्ठरोग्यांत, आणखी पांच वर्षें राहिल्या. शिक्षा एका दिवसानेंही कमी करा, असा अर्ज घेऊन त्यांची क्षमा कोणत्याही कोर्टांत गेली नव्हती.

पुढल्या व्याख्यानासाठीं वक्त्यांनीं या खटल्याचा अभ्यास करावा, आणि यांत दयेनें न्यायाचा कोणता भाग खाल्ला, तो बोट ठेवून दाखवावा. मी समोरच्याच रांगेंत बसेन.