कुर्लीचं बीळ आणि सरकारचे पैसे



गेल्या आठवड्याच्या टपालात पुण्याहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. सुट्टीत ती मामाच्या गावी गेली होती. मामाच्या शेतात हे एवढं मोठं शेततळं, आणि त्याच्या कडेला पत्र्याचा फलक : योजनेचं नाव, वर्ष, खर्च, शासनाचं अनुदान. तिने विचारलं आहे, “शेत मामाचं, तळं मामाचं, डाळिंबंही मामाच विकणार. मग पैसे सरकारने का दिले? बाबा म्हणतात, सरकारचे पैसे म्हणजे आपलेच पैसे. मग आपले पैसे मामाला का?”

प्रश्न बिनतोड आहे. बाबांचंही काही चुकलेलं नाही. मी उत्तर लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. शेवटी ठरवलं, तुम्हाला सरळ माझ्या गावाला, तोंडवलीला घेऊन जावं. कारण या प्रश्नाचं उत्तर मला तिथे तुमच्याएवढा असताना मिळालं होतं. त्यात माझी एक चोरीही आहे. आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तोंडवली हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. तिथून दक्षिणेकडे तळाशीलला चालत निघालात की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला गड नदीची कालावल खाडी. मधे जमिनीची अरुंद पट्टी, माडांची आणि सुरूची. आमची भातशेती खाडीच्या अंगाला होती. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, तेव्हा तर विचारूच नका. बांधावर उभं राहून पाहिलं तर एका बाजूचं खारं पाणी दुसऱ्या बाजूच्या भातापेक्षा उंच दिसायचं! मधे काय, तर मातीचा बांध. बस्स.

त्या बांधात एक गंमत असते, उघाडी. बांधातून आरपार एक मोरी काढलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर लाकडाची फळी वरून टांगलेली. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून फळीला रेटतं आणि फळी गच्च बसते. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी आतून ढकलतं आणि फळी आपोआप उघडते. शेतातलं जादा पाणी बाहेर, खाडीचं पाणी मात्र आत नाही. ना वीज, ना माणूस. गोव्यात याच उघाडीला मानस म्हणतात आणि तिथल्या खाजण शेतीत ती शेकडो वर्षं चालत आली आहे. मोठेपणी मी बरीच यंत्रं पाहिली, पण त्या फळीइतकं शहाणं यंत्र क्वचितच दिसलं.

आमचे आजोबा रोज संध्याकाळी खांद्यावर फावडं टाकून बांधावरून फेरी मारायचे. बांधाचा खरा शत्रू म्हणजे कुर्ली, म्हणजे खेकडा. ती बांधात बीळ करते. बिळातून आधी थेंब थेंब पाणी येतं, मग धार लागते, धार माती नेते आणि बीळ रुंदावत जातं. आजोबा मला सांगायचे, “झिला, कुर्लेचा बीळ दिसला तर आधी माका सांग.”

मी अकरा वर्षांचा होतो. श्रावणातले दिवस. शाळेतून येताना मला एक बीळ दिसलं. चांगलं मनगटाएवढं. आत कुर्ली होती, तीही मोठी. सांगितलं असतं तर आजोबांनी बीळ बुजवलं असतं आणि कुर्ली गेली असती. म्हणून मी सांगितलं नाही. उलट काठीने बीळ थोडं मोठं केलं, हात जातो का पाहिलं, आणि उद्या आकडी घेऊन येऊ असं ठरवून घरी गेलो.

त्या रात्री पाऊस आणि उधाण एकदम आलं. पहाटे बांध फुटला. माझ्या बिळापाशीच फुटला की चार हात पलीकडे, हे मला आजही सांगता येणार नाही. तिथे बीळ उरलंच नव्हतं, बैलगाडी जाईल एवढं खिंडार होतं. उजाडलं तेव्हा अकरा घरांच्या शेतात खाडी शिरली होती. आजी बांधावर उभी होती. बोलत काहीच नव्हती.

तुम्हाला वाटेल, पाणी ओसरलं की झालं! तसं नसतं. पाणी जातं, मीठ मागे राहतं. ते धुऊन काढायला पावसाळ्यामागून पावसाळे लागतात. त्या वर्षीचं भात गेलं. पुढच्या वर्षी रोपं पिवळी पडली. तिसऱ्या वर्षी कुठे अर्धं पीक आलं. बांधाजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. ज्यांची शेतं नव्हती, तेही त्याच विहिरीचं पाणी पीत होते, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता खरी गोष्ट. बांध बांधायचा कुणी? लोक जमले, टोपल्यांनी चिखल टाकला. पुढच्या उधाणाने तो नेला. दगड हवा होता, चिकण माती होडीने आणायला हवी होती, मजुरी हवी होती. जिथे फुटला तो तुकडा ज्यांचा, ते मुंबईला गिरणीत. पत्र पाठवलं, उत्तर नाही. अर्धी तरणी माणसं तशीच मुंबईला, मग टोपल्या उचलायच्या कुणी? एका शेजाऱ्याने तर स्वच्छ सांगितलं, “माझो कुणगो वरच्या अंगाक. पाणी माझ्यापर्यंत येणा नाय. मी कित्याक पैशे देव?” कुणगा म्हणजे भाताचा वाफा. त्याचं गणित त्याच्यापुरतं बरोबर होतं. पुढच्या आषाढात पाणी त्याच्याही कुणग्यात आलं.

पाहिलंत ना? खारं पाणी सातबारा वाचत नाही. शेत एकेकाचं असतं, पण बांध एकट्याचा नसतो. प्रत्येकजण आपापल्या फायद्याचा हिशेब करत बसला तर कुणीच पैसे काढत नाही, आणि बुडतात सगळे. पूर्वी हे काम गावं मिळून करत. गोव्यात गावकारी होती, अलिबाग-पेणकडे शेतकऱ्यांचं ‘जोळ’ असे. ते सैल पडत गेलं तेव्हा सरकारला उतरावं लागलं. १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा आणला. आमचा बांध मी कॉलेजात गेल्यावर पक्का झाला. बाहेरून दगडी अस्तर आणि नवी उघाडी. तोवर आजोबा नव्हते.

जाता जाता आणखी एक. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती शोधायला पनवेलला एक संशोधन केंद्र आहे. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ ही तिथली वाणं. पूर्वीचे काळा राता, भुरा राता हेही खाऱ्या जमिनीचेच. ते बियाणं शोधायला लागले तेही सरकारचेच, म्हणजे तुमच्या-आमच्या घरचेच पैसे.

पण मैत्रीण म्हणेल, “तो बांध अकरा घरांचा. मामाचं तळं तर एकट्याचं!” थांब. आता खाडीकडे पाठ करून डोंगराकडे पाहू.

सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गणित करा. एका गुंठ्यावर, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरवर, तीन मीटर पाणी. झाले ३ लाख लिटर! दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका गुंठ्यावर तीस टँकर. तरीही एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे बायका हंडे घेऊन फिरतात. सह्याद्री जवळ, उतार तीव्र, जांभा दगड चाळणीसारखा. पाणी आलं तसं समुद्रात जातं. आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाही. उघड्या डोंगरावरची लाल माती घेऊन जातं. ती माती खाडीत बसते. खाडी उथळ झाली की उधाणाचं पाणी कुठे मावणार? ते आमच्या बांधावर चढतं.

म्हणजे वरच्या वाडीतल्या कुणी आपल्या डोंगरउतारावर चर खणले आणि काजू लावले, तर त्याला काजू मिळतात, आणि खाली बांधाला थोडी उसंत मिळते. त्या उसंतीचे पैसे त्याला कोण देणार? खालचे अकराजण काही बिल घेऊन वर जाणार नाहीत. म्हणून १९९०-९१ पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान दिलं गेलं, आणि कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. २०१८ साली फळबागांची आणखी एक योजना आली, तिची पद्धत मला आवडते : पहिल्या वर्षी निम्मं अनुदान, दुसऱ्या वर्षी ३० टक्के, तिसऱ्या वर्षी २० टक्के. तेही कलमं जगलेली दिसली तर! नुसते खड्डे दाखवून भागत नाही.

मामाचं तळंही असंच. दुष्काळी गावात प्रत्येकजण बोअर खोल खोल नेत राहिला तर सगळ्यांच्याच विहिरी आटतात. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी कुणी धरून ठेवलं तर जमिनीखालचं पाणी तेवढं वाचतं. पण ‘धरून ठेवलं तर’ बरं का! बोअरचं पाणी उपसून तळं भरणारेही महाभाग आहेत. त्यांच्यासाठी तुझ्या बाबांचे पैसे का जावेत, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते जाऊ नयेत.

आणि बाबांचे पैसे खरोखर जातात, हे त्यांना दाखव. त्यांच्या पगाराच्या कागदावर ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ सापडेल. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठीच. १९७२ च्या भयंकर दुष्काळात लाखो माणसं, त्यांत बायका खूप, खडी फोडायला आणि बांध घालायला आली होती. मागेल त्याला काम, ही वि. स. पागे यांची कल्पना. शहरातल्या पगारदारांनी थोडे पैसे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची, आणि त्यातून खेड्यात पाझर तलाव, नालाबांध उभे करायचे. शहरातलं धान्य, दूध, भाजी कुठून येते हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं होतं.

सगळे पैसे सत्कारणी लागले असं मी म्हणणार नाही. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. त्यावर ९,६३३ कोटींहून जास्त खर्च झाला, आणि २०२० साली महालेखापरीक्षकांच्या अहवालात म्हटलं गेलं की भूजल वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. तेव्हा फलक वाचून प्रश्न विचारणारी मुलगी मला फार मोलाची वाटते.

पैसे असूनही कधी कधी अडतं ते वेगळंच. माझ्या चुलतभावाला डोंगरउतारावर काजू लावायचे आहेत. सातबारावर नावं तेवीस! पैकी नऊ मुंबईत, दोन वारलेली, एक कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. सगळ्यांच्या संमतीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. एका काकांनी तर, “आधी आंब्याच्या पैशांचा हिशेब दे,” म्हणून सही अडवली आहे. तो हिशेब १९८८ सालचा आहे. उतार अजून उघडाच. दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येतो.

उलट काही कामांना पैसे जवळजवळ लागतच नाहीत. पाऊस संपला की आमच्याकडे व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत माती-वाळू, तोंडं शिवून आडव्या रचायच्या. शाळेची मुलंही येतात. एका सकाळी बंधारा उभा! मग त्या पाण्यावर कुळीथ, चवळी, लाल भाजी, आणि कुठे कुठे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. आमच्या शेजारच्या गावाचं नाव वायंगणी आहे, ते ऐकलं की मला हिरवी शेतंच दिसतात. पावसाळ्यात गोण्या वाहून जातात. पुढच्या वर्षी पुन्हा रचायच्या.

मागच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. संध्याकाळी चुलतभावाच्या नातीबरोबर, चौथीत आहे ती, बांधावरून चाललो होतो. ती एकदम थांबली आणि ओरडली, “आजोबा, बीळ!” दगडी अस्तराच्या दोन सांध्यांमधून कुर्लीने वाट काढली होती. आम्ही घरून फावडं आणलं. चिखल, बारीक दगड, पुन्हा चिखल. ती पायाने दाबत होती आणि मी, साठी उलटलेला माणूस, तिला माझी श्रावणातली चोरी सांगत होतो. ऐकून तिने एवढंच विचारलं, “मग ती कुर्ली मिळाली की नाय?”

नाही मिळाली.

तर पुण्याच्या मैत्रिणी, मामाला माझा एक प्रश्न विचार : शेततळं पावसाच्या पाण्याने भरतं की बोअरच्या? आणि त्यातला गाळ कोण काढतं, तेही विचार. उत्तर आलं की लगेच कळव. तुमच्यापैकी कुणाच्या गावात असे फलक असतील तर तेही उतरवून पाठवा, आणि फलकाशेजारी आज काय दिसतं ते त्याखाली लिहा.

तुमचा,
काका