घडवंचीचे मोल

ज्या घरात काचेची मत्स्यपेटी असते, त्या घरी आलेला पाहुणा प्रथम तिच्यापाशीच थबकतो. रंगीबेरंगी माशांचे डौलदार विहरणे, पाणवनस्पतींची संथ हालचाल आणि वर चढत जाणारे हवेचे बुडबुडे पाहण्यात त्याचे मन रमून जाते. परंतु ती पेटी ज्या लाकडी घडवंचीवर ठेवलेली असते, तिच्याकडे सहसा कोणाची दृष्टी वळत नाही. हे स्वाभाविक असले, तरी योग्य आहे असे म्हणता येणार नाही. कारण त्या साऱ्या शोभेचा आणि त्या मुक्या जिवांचा भार वाहते ती घडवंचीच होय.

घडवंची हा शब्द मराठी घरांना नवा नाही. पूर्वी पाण्याने भरलेली भांडी घडवंचीवर मांडून ठेवीत. त्या काळी तांब्या-पितळेच्या हंड्यांचे ओझे तिच्यावर असे. मत्स्यपेटीखालील घडवंचीवर काचेचे आणि पाण्याचे ओझे असते, एवढाच काय तो फरक. म्हणूनच जो मुलगा किंवा मुलगी घरी मासे पाळू इच्छिते, तिने आधी घडवंची करावयास शिकावे आणि मगच मासे आणावेत, हा क्रम इष्ट होय.

यावर कोणी म्हणेल, “बाजारात तयार घडवंची मिळत असता हा खटाटोप कशाला?” हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तयार वस्तू सुबक असते, वेळ वाचतो आणि कधी कधी पैसाही वाचतो. परंतु तयार वस्तू विकत घेणाऱ्याला ती किती भार पेलू शकेल, याची पारख असतेच असे नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या वरून गुळगुळीत व चकचकीत दिसतात. मात्र त्यांत पाणी मुरले, की त्या फुगतात आणि हळूहळू त्यांचा भुगा होऊ लागतो. ज्याने स्वतः एकदा लाकूड तासले आहे, तो वरच्या चकाकीला भुलत नाही.

पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे असे समजू. या तीन मापांचा गुणाकार ७२,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ७२ लिटर होतो. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलो असते. त्यात काचेचे आणि तळाशी पसरलेल्या बारीक खडीचे वजन मिळविले, की एकूण भार ९० किलोच्या आसपास जातो. सातवीच्या वर्गातील दोन मुले पाठीवर दप्तरे घेऊन एखाद्या चौकटीवर अहोरात्र बसून राहिली, तर त्या चौकटीची जी कसोटी लागेल, तीच घडवंचीची रोज लागत असते. वहीतील गुणाकार चुकला तर एक गुण जातो. येथे चुकला, तर काच फुटून मासे जमिनीवर तडफडतील. गणिताचे मोल अशा वेळी नीट कळते.

लाकूड नवेच हवे असे नाही. जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतूनही चांगली घडवंची होऊ शकते. मात्र जोड कसा द्यावयाचा, याचा विचार आधी करावा लागतो. आडव्या पट्ट्या पायांच्या बाजूला नुसत्या स्क्रूने आवळल्या, तर सारा भार त्या बारीक स्क्रूंवर लटकतो. त्याऐवजी वरची चौकट पायांच्या माथ्यावर बसवावी, किंवा पायांना खाच पाडून तीत पट्टी टेकवावी. मग भार लाकडावरून लाकडावर आणि तेथून जमिनीवर उतरतो. स्क्रूंनी जोड जागच्या जागी धरून ठेवावा. भार लाकडाने घ्यावा.

पायांना मागील बाजूने तिरपी पट्टी मारणेही अगत्याचे असते. चार काड्यांची टोके टाचण्यांनी जोडून चौकोन करावा आणि त्याचा एक कोपरा हलकेच ढकलावा. चौकोन तत्काळ कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. तिरप्या पट्टीने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि डुगडुगणारी घडवंची स्थिर होते. भूमितीतील हे सत्य हाताला एकदा उमगले, की ते पाठ करावे लागत नाही.

घडवंचीचा वरचा भाग सपाट आणि समतल असावा लागतो. तो एका कोपऱ्यात जरी खचलेला असला, तरी तळाच्या काचेवर ताण पडून तिला तडा जाण्याची भीती असते. सुतार याकरिता पाणसळ वापरतात. पेटीत ठेवण्यापूर्वी आणखी एक परीक्षा घेता येते. तीस-बत्तीस विटा घडवंचीवर रचून एक दिवस तशाच ठेवाव्यात आणि एखादा जोड करकरतो किंवा उघडतो काय, हे पाहावे. माशांचा जीव टांगणीला लावण्यापेक्षा विटांवर प्रयोग करणे केव्हाही बरे.

पेटीवरील लाकडी छताची गोष्ट याहून नाजूक आहे. छतामुळे उसळी मारणारा मासा बाहेर पडत नाही, पाणी लवकर आटत नाही आणि दिव्याचा प्रकाश डोळ्यांवर न येता पाण्यात पडतो. खाणे घालण्यासाठी त्याची पुढील फळी बिजागरीने उघडती ठेवावी आणि मागे हवेसाठी फट सोडावी. दिव्याची तार भिंतीकडे नेताना तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी विजेच्या खटक्यापर्यंत न जाता झोळाच्या टोकावरून गळून पडते. विजेचे काम मुलांनी स्वतः न करता जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे. करवत आणि रंधाही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच हाती धरावा.

करणाऱ्याच्या मनाची खरी परीक्षा या छताच्या आतील बाजूस होते. बाहेरून वार्निशचे तीन हात देण्यास कोणीही उत्साहाने पुढे येतो, कारण ती बाजू लोकांना दिसते. आतील बाजू कोणालाच दिसत नाही. परंतु पाण्याची वाफ रात्रंदिवस तिलाच लागते. तेथे आळस केला, तर पाहुण्यांना तो कळणार नाही; लाकडाला मात्र कळेल. काही महिन्यांनी फळी वाकडी होईल आणि सांधे उलतील. म्हणून न दिसणाऱ्या बाजूलाही तितकेच हात द्यावेत आणि वार्निश पूर्ण वाळून त्याचा वास जाईपर्यंत छत पेटीवर ठेवू नये. त्याची वाफ माशांना अपायकारक असते.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला. त्यामागील मर्म हेच, की हाताला काम मिळाले म्हणजे बुद्धीलाही चालना मिळते. एका घडवंचीत गणित येते, भूमिती येते, लाकडाचे आणि पाण्याचे गुणधर्म येतात. त्यांबरोबरच आणखी एक गोष्ट येते. हाताला फोड आले, एक पट्टी आखूड कापली गेली आणि ती पुन्हा नव्याने कापावी लागली, म्हणजे सुताराच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्याने सांगितलेली मजुरी मग अवाजवी वाटत नाही.

हाताने केलेली पहिली घडवंची कदाचित देखणी होणार नाही. तिचा एखादा कोपरा ओबडधोबड राहील, एखादी खाच थोडी सैल पडेल. तेवढ्याने खट्टू होण्याचे कारण नाही. ती भार पेलते काय आणि तिच्या न दिसणाऱ्या बाजूलाही वार्निशचा हात फिरला आहे काय, एवढे दोन प्रश्न तिला विचारावेत. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर पेटीत पाणी भरावे आणि मासे खुशाल आणावेत.