मोडलेली मान आणि उघडलेले दार

शाळेच्या मैदानावर संघ निवडताना गोलरक्षकाची जागा बहुधा सर्वांत शेवटी भरली जाते. ज्याला फारसे धावता येत नाही त्याला दोन खांबांमध्ये उभे करावे, असा जणू शिरस्ताच पडून गेला आहे. वास्तविक या जागेइतकी कठीण जागा मैदानावर दुसरी नाही. पुढच्या फळीतील गड्याच्या दहा चुका लोक विसरतात; गोलरक्षकाची एकच चूक वर्षभर बोलली जाते. अशा जागेवर एक जर्मन खेळाडू, कालपर्यंत ज्यांच्याशी लढला त्यांच्याच देशात, त्यांच्याच डोळ्यांसमोर पंधरा वर्षे उभा राहिला. त्याचे नाव बर्ट ट्राउटमान. त्याची एक गोष्ट जगभर मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. परंतु तिच्यातील अधिक मोलाचा भाग मागेच राहतो, असे आम्हांस वाटते.

जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते ती अशी. ५ मे १९५६ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडमधील मानाच्या एफ. ए. चषकाचा अंतिम सामना मँचेस्टर सिटी आणि बर्मिंगहॅम सिटी यांच्यात चालला होता. सामना संपण्यास सुमारे सतरा मिनिटे उरली असताना मँचेस्टरच्या ट्राउटमानने प्रतिपक्षाच्या पीटर मर्फीच्या पायांतून चेंडू काढण्यासाठी सूर मारला आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. बदली खेळाडू घेण्याची त्या काळी मुभा नव्हती. डोळ्यांपुढे अंधारी येत असताही तो उभा राहिला, आणखी गोल वाचविले, आणि मँचेस्टरने सामना ३–१ असा जिंकला. विजयाचे पदक त्याने वाकड्या मानेनेच स्वीकारले. काही दिवसांनी क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसले की, मानेचा मणका मोडला आहे. शेजारचा मणका त्यात अडकून बसला म्हणूनच केवळ प्राण वाचले.

हे धैर्य खरे. पण त्याचे अनुकरण कोणी करावे असे आम्ही म्हणणार नाही. आपली मान मोडली आहे हे त्याला स्वतःला त्या वेळी ठाऊक नव्हते. आज फुटबॉलच्या नियमांतच डोक्याला मार बसलेल्या गड्यासाठी जादा बदली खेळाडू देण्याची सोय झाली आहे, आणि ते योग्यच झाले. दुखापत लपवून खेळणे म्हणजे शौर्य, असा समज आमच्या मुलांनी करून घेऊ नये. ट्राउटमानचे मोठेपण त्या सतरा मिनिटांत शोधण्यापेक्षा त्याआधीच्या सात वर्षांत शोधावे, असे आमचे मत आहे.

त्याचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन येथे झाला. हिटलर सत्तेवर आला तेव्हा तो अवघ्या नऊ वर्षांचा होता. लवकरच तो नाझींच्या बालसंघटनेत दाखल झाला. जे कानी पडले ते त्याने खरे मानले. पुढे युद्ध पेटले; छत्रीधारी सैनिक म्हणून तो रशियाच्या आघाडीवर लढला, त्याला लष्करी पदकही मिळाले. १९४५ मध्ये तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून लँकेशायरमधील छावणीत आला. छावणीत कैद्यांचे फुटबॉलचे सामने होत, आणि तेथेच गोलरक्षक म्हणून त्याचे नाव झाले. १९४८ मध्ये सुटका झाल्यावर तो मायदेशी परतला नाही. मोलमजुरी करीत तो सेंट हेलेन्स टाउन या लहानशा संघाकडून खेळू लागला. त्याचा खेळ पाहून १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर सिटीने त्याला आपल्या संघात घेतले.

युद्ध संपून त्या वेळी जेमतेम चार वर्षे झाली होती. १९४० च्या नाताळात जर्मन विमानांनी मँचेस्टरवर बाँबवर्षाव केला होता. त्याच्या खुणा अजून पुसल्या नव्हत्या. कोणाचा मुलगा, कोणाचा पती युद्धात गेला होता. शिवाय त्या शहरात ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. शत्रूचा माजी सैनिक आपल्या संघात नको म्हणून सुमारे वीस हजार लोक रस्त्यावर आले, असे सांगतात. तो संताप अन्यायाचा होता असे आम्हांस म्हणवत नाही. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला रागावण्याचा अधिकार असतोच.

अशा वेळी दोन माणसे पुढे आली. पहिला संघनायक एरिक वेस्टवुड. तो स्वतः नॉर्मंडीत जर्मनांशी लढलेला सैनिक होता. परंतु कपडे बदलण्याच्या आपल्या खोलीत युद्ध नाही, असे सांगून त्याने नव्या गड्याचे स्वागत केले. दुसरे शहरातील ज्यूंचे धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान. नाझींच्या छळामुळे १९३८ मध्ये त्यांना बर्लिन सोडावे लागले होते. त्यांचे आईवडील आउशविट्झच्या छळछावणीत मारले गेले होते. याच गृहस्थांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून, साऱ्या जर्मनांच्या पापांची शिक्षा एका माणसाला देऊ नये, त्याची पारख त्याच्यावरूनच करावी, असे आवाहन केले. विरोध हळूहळू निवळत गेला.

कोणी विचारील, मग घडलेला अनर्थ विसरावयाचा काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. आल्टमान काहीच विसरले नव्हते; विसरणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांनी फक्त एका राजवटीचा गुन्हा आणि एका माणसाचे आयुष्य यांची सरमिसळ होऊ दिली नाही. ट्राउटमाननेही आपला भूतकाळ झाकला नाही. बालपणी आपण कशावर विश्वास ठेवला, आणि युक्रेनमध्ये निरपराध लोकांची कत्तल आपण कशी पाहिली, हे त्याने उतारवयात उघडपणे सांगितले. आपले खरे शिक्षण इंग्लंडमध्ये सुरू झाले, असेही तो म्हणे. चूक मान्य करणारा एक आणि त्याला संधी देणारा दुसरा, असे दोघे भेटल्यावाचून समेट होत नाही.

मिळालेल्या विश्वासाची त्याने व्याजासह फेड केली. १९५० च्या जानेवारीत लंडनमध्ये फुलहॅमविरुद्ध तो खेळला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यावर शिव्यांचा भडिमार केला. सामना त्याच्या संघाने एका गोलने गमावला. परंतु त्याचा खेळ असा झाला की, अखेरीस दोन्ही संघांचे गडी दुतर्फा उभे राहिले आणि टाळ्यांच्या गजरात तो मैदानाबाहेर गेला. मँचेस्टरसाठी तो एकंदर ५४५ सामने खेळला. १९५६ मध्ये क्रीडालेखकांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले. हा मान मिळविणारा तो पहिलाच गोलरक्षक. परदेशात खेळत असल्यामुळे मायदेशाच्या संघात मात्र त्याला कधीच जागा मिळाली नाही. १९६४ मध्ये त्याच्या निरोपाच्या सामन्याला सत्तेचाळीस हजारांहून अधिक लोक जमले. पुढे ब्रह्मदेश, टांझानिया, पाकिस्तान अशा देशांत त्याने फुटबॉल शिकविला. २००४ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्याला सन्मानित केले, आणि १९ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये त्याचे निधन झाले.

आता आमच्या बालमित्रांना एवढेच विचारावेसे वाटते : आपल्या वर्गात दुसऱ्या गावचा, दुसऱ्या भाषेचा अथवा दुसऱ्या शाळेतून आलेला मुलगा येतो, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? त्याच्या वडिलांचे, जातीचे, गावाचे उणे आपण त्याच्या माथी मारतो की त्याच्या हाती चेंडू देतो? ट्राउटमानसारखा गोलरक्षक होणे फार थोड्यांच्या नशिबी असते. वेस्टवुडसारखा नायक होणे मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला, उद्याच्या खेळाच्या तासालाच, साधण्याजोगे आहे.