ढिगाखालचा पाय आणि पंचांची शिट्टी



कबड्डी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. चढाईला आलेल्या गड्याचा एकाने घोटा धरला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, आणि कडेला बसलेली त्याची आई डोळ्यांवर हात घेते. रग्बीच्या मोठ्या सामन्यात असा ढीग शंभराहून जास्त वेळा लागतो. त्याला म्हणतात ‘रक’.

रग्बी कधी पाहिली नसेल तरी हरकत नाही, रक समजायला सोपा आहे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरच्याने खाली पाडलं की त्याला चेंडू सोडावा लागतो. चेंडू जमिनीवर, आणि त्याच्यावर दोन्ही संघांचे गडी उभ्याने एकमेकांना रेटतात. जो रेटून पुढे जाईल, चेंडू त्याच्या संघाचा.

बाहेरून ही नुसती झोंबाझोंबी वाटते, पण तिला नियम आहेत. रकमध्ये आपल्या संघाच्या मागच्या बाजूनेच शिरायचं, कडेने घुसायचं नाही. स्वतःच्या पायांवर उभं राहायचं. लांबून धावत येऊन नुसता खांदा आपटायचा नाही, हाताने कुणाला तरी धरूनच रेटायचं. समोरच्याला खांद्याच्या वर, म्हणजे मानेला किंवा डोक्याला, भिडायचं नाही. आणि त्याच्या पायांवर आपलं वजन टाकायचं नाही.

यातला शेवटचा नियम अगदी अलीकडचा आहे. तो का आला, ते ऐका.

खाली पडलेल्या गड्याजवळ समोरच्या संघातला जो सर्वांत आधी पोहोचतो, तो पाय फाकवून, कमरेत वाकून चेंडूवर हात घालतो. इंग्रजीत त्याला ‘जॅकल’ म्हणतात, म्हणजे आपला कोल्हा. काम मोठं धाडसाचं. डोकं खाली, मान उघडी, पाय जमिनीत रुतलेले, आणि समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला उखडायला धावत येतात. सरळ रेटून तो हलला नाही, तर त्याला मिठी मारून पिळत कडेला लोळवायची एक युक्ती होती. मगर भक्ष्याला धरून गिरकी घेते तशी, म्हणून तिचं नाव ‘क्रोकोडाइल रोल’. अंग फिरतं, पण रुतलेला पाय फिरत नाही. मग गुडघ्याचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंड आणि इटलीचा सामना होता. कोरोनाचे दिवस, प्रेक्षक नव्हते. इंग्लंडचा जॅक विलिस बदली खेळाडू म्हणून उतरला होता आणि नुकताच ट्राय करून आला होता. तो चेंडूवर वाकला असताना त्याला असंच लोळवलं गेलं. रिकाम्या मैदानात त्याची किंकाळी टीव्हीवर घरोघरी ऐकू गेली. गुडघा गेला, पुढचे कित्येक महिने खेळ बंद. लोळवणाऱ्याला मात्र शिक्षा झाली नाही, कारण तेव्हा ते नियमात बसत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टपासून ‘वर्ल्ड रग्बी’ या जागतिक संघटनेने गड्याच्या पायांवर वजन टाकण्याला शिक्षा देण्याचा नियम प्रयोग म्हणून आणला आणि २०२२ मध्ये तो कायम केला. जुलै २०२४ पासून तर क्रोकोडाइल रोलवरही स्पष्ट बंदी आली.

पण मंडळी, नियम छापला म्हणून गुडघा वाचत नाही. शिट्टी वाजावी लागते.

२८ ऑक्टोबर २०२३. पॅरिसजवळ विश्वचषकाचा अंतिम सामना, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पहिली दोन-तीन मिनिटं झाली असतील. एका रकमध्ये न्यूझीलंडचा शॅनन फ्रिझेल आफ्रिकेच्या बोंगी म्बोनाम्बीला बाजूला काढताना त्याच्या पायावर पडला. म्बोनाम्बीचा विश्वचषक तिथेच संपला. त्याच्या जागेचा दुसरा मुख्य खेळाडू आधीच जायबंदी होऊन संघाबाहेर गेला होता. शेवटी ३७ वर्षांच्या डिऑन फुरीला उरलेला सगळा सामना ती जागा सांभाळावी लागली.

फ्रिझेलने हे मुद्दाम केलं असं कुणी म्हणणार नाही. तरीही पंच वेन बार्न्स यांनी पिवळं कार्ड काढलं, म्हणजे दहा मिनिटं मैदानाबाहेर. त्याच चुकीच्या पेनल्टीवर आफ्रिकेला ३ गुण मिळाले. पुढे न्यूझीलंडच्या कर्णधारालाही उंच टॅकलबद्दल लाल कार्ड मिळालं. सामना संपला तेव्हा फलक होता १२-११. एका गुणाने आफ्रिका जगज्जेती!

आता हे ३ गुण न्यूझीलंडच्या चाहत्यांना किती बोचले असतील, विचार करा. ‘अंतिम सामन्यात इतकं काटेकोर कशाला? कार्डांनीच निकाल लावायचा तर खेळायचं कशाला?’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण दुसरी बाजू बघा. मोडणाऱ्या गुडघ्याला अंतिम सामना कळत नाही आणि समोरच्याचा हेतूही कळत नाही. मोठ्या सामन्यात सूट दिली, तर सूट घ्यायची असते हेच टीव्हीसमोरची पोरं शिकणार.

अशा शिट्टीची किंमतही मोजावी लागते. त्या सामन्यानंतर बार्न्स निवृत्त झाले आणि कुटुंबापर्यंत पोहोचणाऱ्या धमक्यांबद्दल उघड बोलले. टीव्हीवर पाहून निर्णयात मदत करणारे पंच टॉम फोली यांनी तर शिवीगाळ आणि धमक्यांना कंटाळून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून विश्रांती घेतली. गड्यांची हाडं सांभाळणाऱ्यांची ही गत!

आपल्याकडे मुंबई, कोलकाता, भुवनेश्वरला मुलं-मुली रग्बी खेळतात. तुमच्या घरातलं कुणी खेळत असेल, तर सरावाला एकदा जाऊन बसा. रकमध्ये जाताना मान खाली घालायची नाही, नजर समोर, पाठ सरळ, गुडघ्यात वाकायचं आणि धरून रेटायचं, हे शिकवतात का ते पाहा. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद, हेही विचारून घ्या. कुणी ‘एवढ्याने काय होतं’ म्हणालं तर ऐकू नका.

आणि पंचांनी आपल्याच पोराविरुद्ध शिट्टी वाजवली तर? राग येईल, येऊ द्या. घरी येताना वाटेत मुलाला एवढंच विचारा, ‘समोरच्याला लागलं नाही ना रे?’

भेटू पुढच्या वेळी, नव्या खेळासह.