अंगठा तुम्हाला पाहिजे, तर तार तुम्ही ओढा



आपल्या बैठकांत हल्ली एक वाद हमखास निघतो. तरुण पोरं म्हणतात, गावात नेट पाहिजे, मागणीपत्रात घाला. जुनी माणसं म्हणतात, आधी पट्टा, पाणी, दवाखाना. नेट काय खायचंय? दोन्ही बाजू आपल्याच आहेत, म्हणून हा विषय एकदा नीट बोलून घेऊ.

माझं मत आधीच सांगतो. गावापर्यंत इंटरनेट आणणं ही सरकारची जबाबदारी आहे, त्याचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे, आणि तो आपला हक्क म्हणून झाला पाहिजे, मेहेरबानी म्हणून नाही. पण या मागणीच्या जोडीला दुसरी एक मागणी लागते. ती जोडली नाही, तर हाच हक्क आपल्या गळ्यातला फास होईल.

मी औशातून लिहितोय. आमच्या तालुक्यात जंगल नावालाच आहे. इथली लढाई गायरानाची. किनवट-माहूरच्या डोंगरात तुमची लढाई वनहक्काची. जमीन वेगळी, कायदा वेगळा. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखीच झाली आहे: कागद आता तलाठ्याच्या दप्तरातून निघून मोबाईलमध्ये गेलाय. औशाला रेंज आहे, ऑनलाइनची दुकानं आहेत. डोंगरातल्या गुड्यावर, कोलाम पोडावर, तांड्यावर ते नाही. तिथल्या माणसाला एका अर्जासाठी तालुक्याला यावं लागतं, म्हणजे गाडीभाडं गेलं, दुकानदाराचे पैसे गेले आणि दिवसाची मजुरी पण बुडाली.

सक्ती आधी आली, तार मागं राहिली

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कुठं दिलं? आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी टेंभलीत आले होते. म्हणजे यंत्रासमोर पहिला उभा राहिला तो आदिवासी. तार मात्र आदिवासींच्या गावात सगळ्यात शेवटी येते.

त्यानंतर काय काय झालं ते मोजू.

रेशन घ्यायला ई-पॉस मशीनवर अंगठा लागतो. मशीनला नेट लागतं.

रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाईलवर घ्यायची, दिवसातून दोन वेळा फोटो काढून. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडली तर, सगळ्या कामांवर ही सक्ती आली. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारवर आधारित पद्धतीनंच द्यायची असं ठरलं. दिवसभर माती उपसली आणि फोटो वर चढला नाही, तर हजेरीचा वाद कुणाशी घालायचा?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. पूर्वी हे काम तलाठ्याचं होतं, आता शेतकऱ्याचं झालं. फोन त्याचा, रिचार्जही त्याचाच.

पोरांची शिष्यवृत्ती, जात पडताळणी, कॉलेजचा प्रवेश, सगळे अर्ज ऑनलाइन.

सरकारनं हे सगळं सक्तीचं केलं. मग साधा न्याय काय म्हणतो? जो सक्ती करतो त्यानं साधनही पुरवायचं. शाळेत येणं सक्तीचं केलं तर शाळा बांधावी लागते. अंगठा तुम्हाला पाहिजे, तर तार तुम्ही ओढा. आम्ही रिचार्ज मारून, झाडावर चढून, टेकडीवर जाऊन तुमची योजना चालवायची, हे कुठलं गणित?

पैसा कुणाचा?

कंपन्या म्हणतात, डोंगरात गिऱ्हाईक कमी, टॉवर परवडत नाही. त्यांच्या जागी ते खरंही असेल. दुकान तिथंच लागतं जिथं गल्ला भरतो. म्हणून तर ही गोष्ट निव्वळ दुकानावर सोडता येत नाही. लाल यष्टी तोट्यातल्या रस्त्यावरही जाते. पोस्टमन एका पत्रासाठी सुद्धा पोडावर जातो. आमच्याच औसा तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली, रस्ते, पाणी, वीज सगळं नव्यानं केलं. त्या गावांतून किती कमाई होईल हे आधी कुणी विचारलं नाही, आणि विचारायलाही नको होतं.

हक्क द्यायचा आणि त्याचा पैसाही उभा करायचा, हे महाराष्ट्रानं पूर्वी करून दाखवलंय. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणला? १९७५ पासून पगारदार आणि धंदेवाईक लोकांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुराला काम मिळालं. त्याला कुणी भीक म्हटलं नाही.

नेटच्या बाबतीत तर पैसा आधीच कापला जातो. फोन कंपन्यांच्या हिशेबी महसुलातले शंभरामागे ५ रुपये एका सरकारी निधीत जातात. या निधीला २००३ साली कायद्याचा आधार मिळाला, आणि खेड्यापाड्यांत, दुर्गम भागात फोन-नेट पोचवणं हेच त्याचं काम. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव ‘डिजिटल भारत निधी’ केलं. तुम्ही बाजारात जाऊन मारलेल्या रिचार्जचा वाटाही त्यात पडतो. ज्याच्या गावात रेंज नाही तो सुद्धा या निधीत भर घालतो. तेव्हा ‘फुकट मागता’ असं कुणी म्हणलं तर सांगा, आम्ही भरलेलंच मागतोय.

याच निधीतून ऑक्टोबर २०११ मध्ये गावोगाव फायबर टाकायची योजना मंजूर झाली, तिलाच पुढं भारतनेट म्हणायला लागले. उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं. पण आपल्याकडं ग्रामपंचायत म्हणजे गट ग्रामपंचायत. ऑफिस एका गावात, आणि गुडे, पोड, तांडे लांब डोंगरात. तार ऑफिसच्या भिंतीपर्यंत आली की कागदावर सगळी पंचायत जोडली गेली! ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर केली. तिच्यात एक शब्द आपल्या कामाचा आहे: पंचायतीच्या मुख्य गावाबाहेरच्या गावांना जोडणी ‘मागणीनुसार’ द्यायची. म्हणजे जो मागेल त्याला. न मागणाऱ्याचं गाव यादीत मागंच राहणार.

कोलाम बांधवांसाठी आणखी एक. नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत ११ कामं आहेत, त्यात घर, रस्ता, पाण्याबरोबर मोबाईल टॉवरही आहे. कोलाम त्या योजनेत बसतात. आपल्या पोडासाठी त्यातलं काय मंजूर झालं, हे ग्रामसभेनं लेखी विचारावं.

‘आधी पाणी, मग नेट’

ज्येष्ठांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. नेट आलं म्हणून पट्टा मिळत नाही. औशात रेंज भरपूर आहे, तरी गायरान कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही ते नाहीच. मोबाईलवर त्याला फक्त एवढं लवकर कळतं की आपलं नाव नाही.

पण ही रांग कुणी लावली? आधी पाणी, मग रस्ता, मग दवाखाना, मग नेट, अशी एकामागं एक? आपला वनहक्क कायदा तशी रांग लावत नाही. २००६ च्या कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. वनजमिनीवर गावासाठी करायच्या १३ सोयी तिथं दिल्यात: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तळं, पिण्याचं पाणी, रस्ता, समाजमंदिर वगैरे. आणि त्याच यादीत वीज आणि दूरसंचाराच्या तारा आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. म्हणून ‘वनजमीन आहे, तार टाकता येत नाही’ असं कुणी सांगितलं, तर हे कलम पुढं ठेवा. आणि ग्रामसभेला न विचारता कुणी टॉवरसाठी खड्डा खणायला लागला, तरी हेच कलम पुढं ठेवा.

काही जण म्हणतात, नेटनं पोरं जुगाराच्या, कर्जाच्या ॲपमध्ये फसतात. फसतात, खरंय. पण दारूच्या दुकानामुळं कुणी रस्ता नको म्हणत नाही. आपण दुकान बंद करायचा ठराव करतो. इथंही तसंच.

कागद सोडायचा नाही

आता ती दुसरी मागणी. जिथं नेट नाही, चालत नाही किंवा माणसाला जमत नाही, तिथं कागद तितकाच ग्राह्य धरला पाहिजे.

हे का, ते शेजारच्या मध्य प्रदेशात बघा. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं वनहक्काचे दावे फेटाळलेल्या लोकांना हटवायचा आदेश दिला. देशभर आवाज उठला आणि २८ फेब्रुवारीला कोर्टानं त्याला स्थगिती दिली. मग राज्यांनी फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला घेतले. मध्य प्रदेशनं त्यासाठी ‘वनमित्र’ नावाचं पोर्टल आणलं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, ज्यांच्या गावात रेंज नाही, त्यांनी जमिनीचा दावा मोबाईलवर भरायचा. जमीन राहणार की जाणार, ते रेंजवर आलं.

आपल्या कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. नियम १३ बघा. पोर्टलवर तो टाकायला रकाना नसला, तर तो पुरावा गेला का? दावा नाकारला तर ६० दिवसांत अपील करता येतं. निकाल फक्त पोर्टलवर टाकला आणि गावात नेटच नाही, तर ते ६० दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले हे कुणाला कळणार? म्हणून नुसतं ‘नेट द्या’ म्हणून भागत नाही. नेट द्या, आणि नेट नसल्यामुळं कुणाचाही हक्क बुडवू नका, ही एकच मागणी दोन पायांवर उभी आहे. एक पाय काढला की दुसरा पडतो.

कोर्ट आणि केरळ

कोर्टं हळूहळू या बाजूला येतायत. सप्टेंबर २०१९ ला केरळ हायकोर्टानं सांगितलं, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं अंध माणसं आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांच्या केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोठी गोष्ट आहे. पण निकालानं तार येत नाही.

केरळनं २०१७ मध्ये इंटरनेट हा नागरिकाचा मूलभूत हक्क असं जाहीर केलं. सरकारी मालकीचं स्वतःचं जाळं टाकलं, त्याला केफॉन म्हणतात. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी द्यायचं ठरवलं. जाळ्याचं उद्घाटन झालं ५ जून २०२३ ला. मधली सहा वर्षं मोजा. जाहीर झालेला हक्क चुलीपर्यंत यायला मागं लागावं लागतं. वनपट्ट्यांच्या बाबतीत हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

ग्रामसभेनं काय करावं

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव असा लिहिता येईल:

“आमच्या गावातील रेशन, रोजगार हमीची हजेरी, शिष्यवृत्ती व जमिनीच्या नोंदी ऑनलाइन केल्या आहेत, परंतु गावात इंटरनेट नाही. म्हणून ही ग्रामसभा मागणी करते की:

१. इंटरनेटची जोडणी ग्रामपंचायत कार्यालयापुरती न ठेवता प्रत्येक गुडा, पोड, तांडा व वाडीपर्यंत द्यावी.

२. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र व समाजमंदिरात ती मोफत असावी. गरीब कुटुंबांना घरीही ठरावीक वापर मोफत द्यावा.

३. खर्च डिजिटल भारत निधीतून करावा. पेसाच्या ५ टक्के अबंध निधीतून तो करू नये.

४. वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी किंवा सोलर द्यावा. दुरुस्तीचं काम गावातल्याच मुला-मुलींना शिकवून द्यावं, आणि तार तुटल्यास किती दिवसांत जोडणार ते लेखी द्यावं.

५. नेट नाही या कारणावरून कुणाचंही रेशन, मजुरी किंवा वनहक्काचा दावा अडवू नये. कागदावरील अर्ज व हजेरी ग्राह्य धरावी, पोच द्यावी, आणि दाव्याचा निकाल लेखी हातात द्यावा.

६. तार किंवा टॉवरसाठी वनजमीन लागल्यास वनहक्क कायदा कलम ३(२) प्रमाणे जागा ही ग्रामसभा सुचवेल.”

ठरावावर सह्या, अंगठे घ्या. एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला, एक जिल्हाधिकाऱ्याला, किनवट-माहूरवाल्यांनी एक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्या, आणि प्रत्येक ठिकाणची पोच शिक्क्यासकट घ्या. एक नक्कल आपल्या पत्रिकेकडे पाठवा. कोणत्या गावानं मागितलं आणि काय उत्तर आलं, ते पुढच्या अंकांत छापू.

जिंदाबाद!

— एक कार्यकर्ता, औसा