जाब कोण देणार?

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनानं ते विणणाऱ्याच्या मजुरीची किंमत आपोआप वाढत नाही. आता सूत किती मागवायचं, कोणती ऑर्डर आधी काढायची, कोणते माग बंद ठेवायचे, हे एआय सहाय्यकाला विचारा, असे सल्ले कारखानदारांना मिळताहेत. जरूर विचारा. हिशेब चटकन होत असेल तर त्यात वाईट काही नाही.

प्रश्न पुढचा आहे. माग बंद राहिला की नगावर काम करणाऱ्याची मजुरी बुडते. तो विचारायला आला, तर ‘कॉम्प्युटरनं सांगितलं’ हे उत्तर चालणार नाही. मुनीमजींशी निदान भांडता तरी येत होतं.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याच्या नोंदीविषयी आहे: सूरह अल-बकरा, 282. तिथं न्यायानं लिहिणारा हवा आणि साक्षीदारही हवेत. एआय लिहील, पण साक्ष देणार नाही. अल्लाहसमोर जाब मालकालाच द्यावा लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. माग थांबवण्याच्या, मजुरी कापण्याच्या प्रत्येक निर्णयाखाली माणसाची सही असावी आणि कारण मराठी, उर्दू, तेलुगूत लिहिलेलं असावं. सही करायला हात कचरत असेल, तर तो निर्णय घेऊच नये.