कुंपण स्वदेशी, शेत ओसाड!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने सांगलीची जी परीक्षा पाहिली, ती सांगलीकर जन्मात विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. पूर ओसरल्यावर आम्ही गावभागातील एका परिचितांच्या घरी गेलो. हे निवृत्त शिक्षक. तळमजला चिखलाने भरलेला. धान्य, गाद्या, आयुष्यभर जमवलेली पुस्तके यांचा ढीग रस्त्यावर पडलेला. गुरुजी मात्र अंगणात घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन जुन्या टूथब्रशने काहीतरी हलक्या हाताने धूत बसले होते. जवळ जाऊन पाहिले तर तळहातावर मावेल एवढे एक प्लास्टिकचे विमान! भारतीय वायुदलाचे 'नॅट'. पंखांवरची तिरंगी वर्तुळे पाण्याने सुटून गेली होती. अजून न जोडलेल्या संचांचे पुठ्ठ्याचे डबे तर लगदा होऊन गेले होते.

मदतीला आलेल्यांपैकी कोणीतरी हसून म्हणाले, "घर बुडालं आणि गुरुजी खेळणी धुतायत!"

गुरुजी काही बोलले नाहीत. परंतु 'खेळणी' हा एक शब्द आमच्या मनात तेव्हापासून सलतो आहे. कारण तो शब्द त्या एका माणसाचा नाही. तो आपल्या समाजाचा आहे. ज्या वस्तूतून इतिहास हातात येतो, तिला आपण खेळणे म्हणतो आणि इतिहासाच्या नावाने घोषणा मात्र आकाशाला भिडवतो. या विसंगतीचा जाब आज स्वतःलाच विचारायचा आहे.

खेळणे म्हणून हिणवण्यापूर्वी

हा छंद आहे तरी काय, हे प्रथम समजून घेऊ. जुन्या लढाऊ विमानाची मोजमापे घेऊन त्याचे प्लास्टिकचे सुटे भाग साच्यातून काढतात. प्रचलित प्रमाण १:७२, म्हणजे ७२ फुटांचे विमान एका फुटात. छांदिष्ट ते भाग चौकटीतून कापतो, कडा पॉलिश पेपरने घासतो, जोडतो, रंगवतो आणि शेवटी पाण्यात भिजवून सुटणारी चिन्हे पंखांवर सरकवतो. एका विमानाला कधी आठवडा लागतो, कधी तीन महिने. इंग्लंडमधील 'एअरफिक्स' कंपनीने १९५३ साली स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आणला आणि तेथील पिढ्यान् पिढ्या आपल्या देशाचे युद्ध जेवणाच्या टेबलावर जोडत वाढल्या.

हा पोरखेळ असेल, तर १९४२ साली महायुद्धाच्या ऐन धामधुमीत अमेरिकेच्या नौदलाने तो का आरंभला? शाळाशाळांतील मुलांकडून त्यांनी विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या, त्याही याच १:७२ प्रमाणात. आकाशात दिसणारी आकृती शत्रूची की मित्राची, हे तोफचींना क्षणार्धात ओळखता यावे, यासाठी त्या प्रतिकृती प्रशिक्षणात वापरल्या गेल्या.

आणखी एक उदाहरण आपल्याच इतिहासातले. १९४४ साली इंफाळच्या आघाडीवर आपल्या वायुदलाची हरिकेन विमाने जपान्यांशी झुंजत होती. त्यांतील पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व पुढे वायुसेनाप्रमुख झालेले अर्जन सिंग करीत होते. या विमानाची प्रतिकृती रंगवताना मुलाला प्रश्न पडतो, ब्रिटिश चिन्हातला मधला लाल ठिपका येथे कुठे गेला? उत्तर असे, की जपानी विमानांवरही लाल गोल असे. गफलतीने आपल्याच विमानावर गोळी झाडली जाऊ नये म्हणून या आघाडीवरील चिन्हांतून लाल रंग काढून टाकण्यात आला होता. हे पाठ्यपुस्तकाने सांगितले असते तर परीक्षेनंतर विसरले गेले असते. कुंचला हातात असताना कळलेली गोष्ट मात्र मरेपर्यंत विसरत नाही.

आमचे विमान, परक्यांचा डबा

आता मूळ दुखण्याकडे येऊ. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात एकाकी झुंजताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना वीरमरण आले. परमवीर चक्र लाभलेले ते वायुदलाचे एकमेव वीर. त्यांचे विमान होते 'नॅट'. सेखोंचे विमान जोडायला एखादा मुलगा बसला, तर त्याच्या हाती काय पडते? बाजारात वर्षानुवर्षे मिरवणारा नॅटचा संच म्हणजे ब्रिटिशांच्या 'रेड अॅरोज' या कसरतपथकाचे लालभडक, दोन आसनांचे प्रशिक्षण विमान! सेखोंचे नॅट एकआसनी लढाऊ. म्हणजे परमवीराच्या स्मरणासाठी परक्याचे कसरतीचे विमान विकत घ्या, त्याचे नाक आणि काच कापा, घासा आणि वर आपला रंग चढवा!

एकआसनी नॅट आणि त्याचीच बंगळूरला सुधारून घडवलेली आवृत्ती 'अजित', यांचे संच काढले ते झेक प्रजासत्ताकातील 'स्पेशल हॉबी' या कंपनीने. 'अजित' हे नाव आपले, विमान आपल्या 'हिंदुस्तान एरोनॉटिक्स'ने बांधलेले, ते चालवणारे वैमानिक आपले. आणि त्याची आठवण डब्यात भरून विकण्याची बुद्धी हजारो मैलांवरच्या झेक माणसाला झाली. त्या कंपनीला दोष कसला देता? तिचे आभारच मानले पाहिजेत. शरम वाटायची तर ती आपल्याला वाटली पाहिजे.

'मारुत'ची कथा तर याहून क्लेशदायक आहे. भारतात अभिकल्पित झालेले हे पहिले जेट लढाऊ विमान. १७ जून १९६१ रोजी बंगळूरला विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम आकाशात नेले. बरोबर सहा दिवसांनी, २३ जूनला, साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. ज्या शाळेतून पुढे वायुसेनाप्रमुख प्रदीप नाईक यांच्यासारखे विद्यार्थी निघाले, ती शाळा आणि 'मारुत' एकाच आठवड्याची भावंडे आहेत! ही गोष्ट साताऱ्यातील किती घरांत माहीत आहे?

मारुतचे इंजिन अपुऱ्या शक्तीचे होते, हे खरे. तरीही १४७ मारुत बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान-सिंधच्या आघाडीवर ती लढली. त्यांचे अभिकल्पक कुर्ट टँक हे जर्मन. याच टँक यांनी महायुद्धात 'फॉके-वुल्फ १९०' हे विमान जर्मनीला दिले होते. त्याचा संच जपानी, इंग्रज, जर्मन, झेक अशा सर्व नामवंत कंपन्यांनी काढला आहे. एक नव्हे, अनेक काढले आहेत. त्याच टँक यांच्या हातच्या मारुतचा संच मात्र या बड्या कंपन्यांच्या सूचीत आमच्या पाहण्यात आजवर आलेला नाही. हिटलरच्या वायुदलाचे विमान जगातला कोणताही मुलगा जोडू शकतो. भारताचे पहिले जेट विमान भारतातल्या मुलालाही जोडता येत नाही! एक मारुत म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम येथील संग्रहालयात जर्मनांनी जपून ठेवले आहे. जतन कशाला म्हणतात, ते पाहायला तेथे जावे.

मूळ वस्तू गेल्यावर उरते काय?

कोणी म्हणेल, खरी विमाने असताना प्लास्टिकची कशाला हवीत? या भाबडेपणाला 'विक्रांत'चे उत्तर पुरेसे आहे. १९७१ च्या युद्धात पूर्व सागरावर पराक्रम गाजवणारी ही युद्धनौका २००१ पासून मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झाले, आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला एक नौका सांभाळता आली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला 'मिग-२१' विमानांना निरोप दिला गेला. १९६३ पासून ती सेवेत होती. आता तीही इतिहासजमा झाली. काही चौकाचौकांत खांबावर चढतील, ऊनपावसात गंजतील आणि पाच वर्षांनी त्यांच्यावर वाढदिवसाचे फलक लागतील.

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून काही काळासाठी आलेली वाघनखे पाहायला साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांची रीघ लागली. लहान मुलांना खांद्यावर घेऊन माणसे आली होती. वस्तू डोळ्यांसमोर आल्यावाचून इतिहास काळजात उतरत नाही, हे त्या गर्दीला कोणी शिकवावे लागले नाही. मग जी वस्तू प्रत्येक घरात, प्रत्येक मुलाच्या हाती पोहोचू शकते, तिच्याविषयीच एवढी अनास्था का?

कुंपण घातले, पेरले काय?

आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. चिनी खेळण्यांचा लोंढा अडवायला हवाच होता, आम्ही त्याचे स्वागतच केले. पण सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रतिकृती-संचही खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. परदेशी संच महागले. मुलाच्या खाऊच्या पैशांत येईनासे झाले. मग त्या कुंपणाच्या आत स्वदेशी संचांचे पीक तरारले का? सांगली-साताऱ्याच्या दुकानांत जाऊन विचारा. कुंपण स्वदेशी आणि शेत ओसाड, याला स्वदेशी म्हणत नाहीत.

खरी स्वदेशी कशी असते, हे शिकायला या दोन जिल्ह्यांच्या बाहेर जायला नको. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती परदेशी नांगराची होळी करण्यासाठी नव्हे, तर त्याहून चांगला नांगर ओतण्यासाठी. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि 'प्रभाकर' कंदिलाने घरे उजळली. परक्या वस्तूपुढे त्यांनी आपली वस्तू ठेवली. बहिष्कार हा स्वदेशीचा पूर्वार्ध आहे; उत्तरार्ध निर्मितीचा, आणि घाम त्यालाच गाळावा लागतो.

जपानमधील शिझुओका नगरीचे उदाहरण घ्या. लाकूडकामाच्या परंपरेचे हे गाव. 'तामिया' कंपनी १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, मग लाकडी प्रतिकृती करू लागली आणि १९६० मध्ये प्लास्टिककडे वळली. तामिया, हासेगावा, आओशिमा ही जगभर गाजणारी नावे त्या एका परिसरातली आहेत. पराभूत, बेचिराख जपानने आपली बुडालेली जहाजे आणि पडलेली विमाने आपल्याच मुलांच्या हाती दिली, जगालाही विकली. आमच्या मिरजेत भोपळ्यातून सतार घडवणारे हात आहेत. कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत कामगार आहेत, यंत्रे आहेत. मारुतचा साचा कापणे यांना अशक्य आहे, असे कोण म्हणेल?

साचा महाग पडतो आणि गिऱ्हाईक थोडे, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु झेक कारखाने मर्यादित संख्येसाठी स्वस्त साचे वापरतात आणि तग धरतात. त्रिमितीय मुद्रणाने तर नमुना करणे आणखी सोपे झाले आहे. अडचण पोलादाची नाही, इच्छेची आहे.

दोन शब्द आपल्यांनाच

पुष्पक विमानाचा विषय निघाला की आपल्या बैठकांत उत्साह संचारतो. रामायणातील पुष्पकाचे स्थान श्रद्धेत आणि काव्यात अढळ आहे. त्याला कारखान्याच्या प्रमाणपत्राची गरज नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील आराखडे मात्र १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तपासले आणि ती विमाने उडणारी नाहीत, असा निर्वाळा दिला. त्यावर वाद घालण्यात जितका श्वास आपण खर्च केला, त्याच्या शतांश तरी खरोखर उडालेल्या, खरोखर लढलेल्या मारुतसाठी खर्च केला का? ज्याचा पुरावा द्यावा लागत नाही ते विसरायचे आणि ज्याचा देता येत नाही त्यासाठी भांडायचे, ही आत्मविस्मृतीच होय.

छांदिष्टांनाही सांगणे आहे. पन्नास-पन्नास डबे न उघडता कपाटात रचून ठेवायचे आणि त्यांच्या वाढत्या किमती मोजायच्या, हा छंद नव्हे, सावकारी आहे. डबा उघडा. शेजारच्या पोराला हाताशी घ्या. त्याच्या हातून एखादा पंख वाकडा बसला तर बसू द्या.

आपल्या घरी हे सारे नवे नाही. दिवाळी आली की सातारा-सांगलीच्या अंगणाअंगणांत चिखलाचे किल्ले उभे राहतात. बुरूज, तटबंदी, पायथ्याला हळीव पेरलेले शेत, दारात मावळे, आणि आजोबा शेजारी बसून सांगतात, "अरे, अजिंक्यताऱ्याचा दरवाजा या अंगाला नाही." प्रतिकृतीतून इतिहास शिकवण्याची ही आमची रीत आहे. किल्ला करणाऱ्या मुलाला आपण कधी 'खेळणी करतोस' म्हणून हिणवले नाही. मग दिवाळीत किल्ला आणि उन्हाळ्याच्या सुटीत विमान, असे का होऊ नये? किल्लास्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी मे महिन्यात एक विमानस्पर्धा घ्यावी. शाळांनी एक कपाट रिकामे करावे. आणि कुपवाड वा साताऱ्यातील एखाद्या उद्योजकाने, नफ्याचे गणित क्षणभर बाजूला ठेवून, एक मारुत ओतून दाखवावे. पहिला संच विकत घ्यायला आम्ही रांगेत उभे राहू.

त्या पुरानंतर वर्षभराने आम्ही पुन्हा गुरुजींकडे गेलो. नॅट नव्या कपाटात होते. वाहून गेलेल्या चिन्हांच्या जागी गुरुजींनी बारीक कुंचल्याने स्वतः वर्तुळे काढली होती. मध्ये हिरवे, मग पांढरे, बाहेर केशरी. थरथरत्या हाताची ती वर्तुळे किंचित वाकडी होती. आम्ही काही बोलण्याआधीच गुरुजी म्हणाले, "अहो, विमान त्यांच्या डब्यातलं. निदान खूण तरी माझ्या हातची असू दे."